सोमवारची चक्कर

(सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेच्या पालकसभेत एका समुपदेशिकेने केलेलं भाषण, थोडं संपादून)

पाऊस जरा थांबलाय तोवर सुरुवात करते. पत्र्यावर पडायला लागला की माइक असूनही माझं काही ऐकू येणार नाही. आज वडील मंडळी बरीच दिसतायत. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणून असेल. का असेना, आलात ते बरं झालं.

एका शाळेची गोष्ट सांगते. गाव सांगणार नाही, तपशीलही बदललेत. नववीतली मुलगी प्रार्थनेला उभी असताना पडायची. दातखीळ बसायची, हातपाय ताठ. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मग देवळात कौल लावला, गाऱ्हाणं घातलं, घाड्याकडे, म्हणजे गावातल्या देवऋष्याकडे नेलं. घाड्याला मी हसणार नाही. त्याने निदान तासभर समोर बसवून घेतलं. शाळेत आम्ही काय केलं होतं? ‘नाटकं करते’ म्हणून मोकळे झालो होतो.

मी हजेरीपट मागवला. पडायची ती बहुतेक सोमवारी. वडील मुंबईत, आई काजूच्या कारखान्यात, म्हणून शनिवार-रविवार मुलीला एका नातेवाइकांकडे ठेवत. पहिल्या दोन भेटींत ती एवढंच म्हणाली, “माका काय झाला नाय.” आम्ही कागदी पिशव्या चिकटवत बसलो. तिसऱ्या वेळी पिशवीवरून नजर न उचलता तिने विचारलं, “तुमी आवशीक सांगतलास?” म्हणजे, आईला सांगाल का?

इथे ‘नाही गं, कुणालाच नाही सांगणार’ असं तोंडावर येतं. देऊ नका हे वचन. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणं हाच गुन्हा. मी तिला म्हटलं, “सांगावं लागेल, पण कुणाला आणि कधी, ते आधी तुला सांगेन.” पोलीस म्हटल्यावर ती घाबरली. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, आणि गणवेशात नाही, हे तिला माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर स्टाफरूममधल्या अर्ध्या लोकांनाही नव्हतं.

आता चक्कर का? बंदरात तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा लागला की होड्या आत येतात. वारं पडलं की बावटा उतरतो. धोका दिसला की शरीरही तसंच करतं. छाती धडधडते, रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, धोका टळला की उतरतं. पण धोका घरातच असेल तर? मग बावटा उतरतच नाही. असा मुलगा वर्गात पायथागोरस ऐकत नसतो, दाराबाहेरची पावलं ऐकत असतो. डस्टर पडला तरी दचकतो. कुणी रात्रभर जागून वर्गात पेंगतो, कुणी हातावर ब्लेड मारून घेतो आणि उकाड्यातही लांब बाह्या सोडत नाही, कुणी उगाच कुणाच्याही अंगावर धावून जातो. मेंदूला काहीच सहन होईना की तो काही वेळ दिवाच मालवतो. त्या मुलीचं तेच होत होतं.

मुलग्यांबद्दल तर आपण बोलतच नाही. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांत, महाराष्ट्र-गोव्यासकट, १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल काढला. लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच निघाले. आणि दर तीन मुलांमागे दोघांनी मार सोसलेला.

मार म्हटलं की कुणीतरी उठतंच. मघाशी चहाला एक काका म्हणालेच, “आम्ही मार खाऊनच शिकलो, काय बिघडलं?” काका, राग मानू नका. १९९८ साली अमेरिकेत हजारो प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांत दारू, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका एकही आघात न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट. आपल्या वाडीत ‘काय बिघडलं’ याचं उत्तर संध्याकाळी सातनंतर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आणि शिक्षकांनो, छडी २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानेच बंद केलीय. “तुझ्या बापासारखाच निघालास” हे भर वर्गात म्हणणंही त्यातच येतं.

ती मुलगी आता बारावीला आहे. ओरोसला डॉक्टरांकडे जाते, मधूनमधून माझ्याकडे येते. चक्कर पूर्ण गेलेली नाही. सोमवारी पेपर असला की आदल्या रात्री आई तिच्याजवळ झोपते. आईने आधी वर्षभर त्या नातेवाइकांचीच बाजू घेतली होती, हेही सांगायला हवं.

नंबर लिहून घ्या. मुलांसाठी १०९८, मानसिक त्रासासाठी १४४१६, दोन्ही फुकट आणि रात्रीही चालू. बोला, कुणाचे काही प्रश्न असतील तर. सगळ्यांसमोर नको वाटलं तर माझी एसटी साडेपाचची आहे, तोवर मी नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसते.