वीसपैकी अठरा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘तुवालू देशातील क्षयरोग उपचारांचे यश’. पण तिथे जायच्या आधी तुम्हाला एका खलाशाची गोष्ट सांगायलाच हवी. टक्केवारीवरचा माझा विश्वास त्याच्यामुळे उडाला.

कोकणातल्या एका बंदरावर मी तेव्हा होतो. पोरगा ट्रॉलरवर कामाला. टीबी निघाला, गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्याच दिवशी धावत आला, “डॉक्टर, लघवी लाल होतेय!” त्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधानं होतेच ती. समजावलं तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. पुढे नारळी पौर्णिमा झाली, बोटी सुटल्या, तो गेला गुजरातेत. सलग दोन महिने औषध बंद पडलं की तेव्हा ‘उपचार सोडला’ असा शेरा पडायचा, तसा त्याच्या नावापुढे पडला. दिवाळीनंतर तो आला आणि प्लॅस्टिकच्या डब्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली. वेरावळला कार्ड दाखवून त्यानं औषध घेतलं होतं, एक दिवस चुकवला नव्हता. चार किलो वजन वाढलेलं! मी वर कळवलं, शेरा बदला. उत्तर आलं, अहवाल गेला, आता बदल होणार नाही. त्या उत्तराचा मला आजही संताप येतो.

आपल्याकडचे जुने लोक मिरजेच्या सॅनिटोरियमच्या, म्हणजे क्षयरोग्यांना महिनोन्महिने ठेवून घेणाऱ्या दवाखान्याच्या, आठवणी सांगतात. घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासानं १९५९ मध्ये दाखवलं. रुग्ण मोकळा झाला, नोंदवही मात्र जागची हलली नाही.

आता तुवालू. प्रशांत महासागरातली नऊ बेटं, जमीन अवघी २६ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. रुग्णालय एकच, राजधानी फुनाफुतीचं प्रिन्सेस मार्गारेट. बाकीच्या बेटांवर परिचारिका, आणि मध्ये समुद्र. तरुण पोरं परदेशी मालवाहू जहाजांवर जातात. त्यांना शिकवणारी संस्था अमातुकू बेटावर १९७९ पासून आहे. आमच्या पोराचेच भाऊबंद म्हणा ना!

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो. बरे झालेले अधिक उपचार पूर्ण केलेले, भागिले नोंदलेले सगळे, हा झाला यशाचा दर. दगावलेले, औषध सोडलेले, ज्यांचं पुढे काय झालं ते कळलंच नाही असे, सगळे भाजकात. हिशेबापुरते वर्षाला वीस रुग्ण धरा. एक म्हातारी गेली, ९५ टक्के. एक जण न्यूझीलंडला गेला आणि कळवायचं राहिलं, ९० टक्के. भारतात २०२३ मध्ये २५ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. आपला एक टक्का म्हणजे पंचवीस हजार माणसं! एवढ्याशा देशाचा आकडा एका वर्षात पाच टक्क्यांनी घसरला म्हणून तिथला कार्यक्रम ढासळला असं कसं म्हणता? चार-पाच वर्षांचे रुग्ण एकत्र मोजा. आणि टक्क्याशेजारी माणसं लिहा: वीसपैकी अठरा बरे, एक वारली, एक ऑकलंडला. त्या ऑकलंडच्या माणसासाठी तिथल्या दवाखान्यात फोन लावा, आणि तो बरा झाल्याचं कळलं तर शेरा बदला, अहवाल गेलेला असला तरी.