ओनिगिरी घरी करताना: भात, मीठ आणि हाताचा दाब

(लाकडी फळीवर मधोमध कापलेल्या दोन ओनिगिरी. कॅमेरा अगदी जवळ.)

ओनिगिरी म्हणजे आत सारण भरून हाताने वळलेला जपानी भाताचा गोळा, बहुतेकदा त्रिकोणी. या दोन्ही ओनिगिरी एकाच पातेल्यातल्या भाताच्या आहेत. दोन्हींत १०० ग्रॅम भात, सारणही तेवढंच. डावीकडची बघा. शितं एकमेकांत चेपून पार लगदा झालाय, सुरी फिरली तिथली कड पेढ्यासारखी गुळगुळीत निघाली. उजवीकडची बघा. एकेक शीत वेगळं दिसतंय, शितांच्या मध्ये बारीक फटी आहेत, आणि तरीही त्रिकोण जागचा हललेला नाही. डावीकडची गार झाली की दगड होते. उजवीकडची दुपारपर्यंत मऊ राहते. फरक आहे तो फक्त हाताच्या दाबाचा.

(चेहऱ्यावर.)

नमस्कार. जपानीत 'निगिरु' म्हणजे मुठीत धरणं, आवळणं. त्यावरून ओनिगिरी. जपानमध्ये हिलाच ओमुसुबीही म्हणतात. प्रकार किती जुना? इशिकावा प्रांतात १९८७ साली उत्खननात भाताचा जळून कोळसा झालेला गोळा सापडला, तो यायोई काळातला, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा. एवढा काळ टिकलेल्या पदार्थात जिन्नस मोजून तीन: भात, मीठ, आणि हवं असेल तर नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद. सारण त्यानंतर येतं. म्हणून आपणही भातापासून सुरुवात करू.

एक गैरसमज आधी काढून टाकू. सुशीच्या भातात व्हिनेगर आणि साखर असते, ओनिगिरीच्या भातात नसते. हा साधा भात आहे.

तांदूळ आखूड, गोलसर दाण्याचा जपानी हवा. कोशिहिकारी ही त्यातली सर्वात प्रसिद्ध जात. या तांदळात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो, म्हणून शितं एकमेकांना धरतात आणि गार झाल्यावरही लवकर कडक होत नाहीत. बासमती किंवा कोलम घेऊ नका. त्यांची खुबीच मोकळा भात होण्यात आहे, कितीही आवळा, पहिल्या घासाला सगळं ताटात सांडेल. महाराष्ट्रात सहज मिळणारा पर्याय म्हणजे इंद्रायणी. चिकट होतो, आकार छान धरतो. फक्त त्याचा स्वतःचा वास सारणाच्या वर येतो, आणि गार झाल्यावर तो जपानी तांदळाइतका मऊ राहत नाही. त्यामुळे दोन तासांत खाणार असाल तरच इंद्रायणी घ्या.

(वजनकाटा, पातेलं.)

३०० ग्रॅम तांदूळ. जपानी मापात हे दोन 'गो', एक गो म्हणजे १८० मिलिलिटरची वाटी. यात सहा ओनिगिरी होतात. पहिलं पाणी ओतलं की दोनदा ढवळून लगेच फेकायचं, कारण कोरडा तांदूळ ते पहिलं गढूळ पाणीच सर्वात जास्त पितो. मग बोटं वाकवून हलक्या हाताने तांदूळ फिरवत तीन-चार पाण्यांनी धुवा. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुवत बसू नका, किंचित धुरकट राहिलं तरी चालतं. चोळू मात्र नका. दाणे तुटले की त्यांची पेज होते आणि भात आसट लागतो.

चाळणीत पाच मिनिटं निथळा. पातेल्यात घाला, वर ४०० मिलिलिटर पाणी, आणि आच न लावता अर्धा तास तसंच ठेवा. थंडीत एक तास. हा वेळ वाचवलात तर दाणा बाहेरून फुटतो आणि आत कणी राहते. इंद्रायणीला साधारण ४५० मिलिलिटरपासून सुरुवात करा, तांदूळ नवा असेल तर थोडं कमी.

पातेलं जाड बुडाचं, झाकण जड. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटांत उकळी येईल. आली की आच अगदी मंद, बारा मिनिटं. गॅस बंद, आणखी दहा मिनिटं वाफ मुरू द्या. या सगळ्या वेळात झाकण उचलायचं नाही. कुकरमध्ये शिट्टीच्या हिशेबाने हे नेमकं साधणं अवघड जातं, म्हणून आम्ही पातेलंच सुचवतो.

झाकण काढल्या काढल्या लाकडी कालथ्याने भात तळापासून उलथा, कापल्यासारखा, दाबायचा नाही. तो तसाच राहिला तर तळाला ओल साचते आणि वरचा थर कोरडा पडतो. ओल्या भाताची ओनिगिरी बसकी होते.

(दोन्ही हात, वरून.)

आता वळण्याची वेळ. भात गरमच हवा, हातात जेमतेम धरवेल इतका. गार भातात शिताला शीत चिकटत नाही, मग आपण जोर लावतो, आणि डावीकडचा तो लगदा तयार होतो. चटका बसू नये म्हणून एकेका ओनिगिरीचा भात आधी छोट्या वाटीत काढा. अर्ध्या मिनिटात तो हाताळण्याजोगा होतो.

हात ओले करा आणि झटका. तळवा ओलसर राहिला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. तीन बोटांच्या चिमटीत मीठ घेऊन दोन्ही तळव्यांवर पसरवा. एका ओनिगिरीला पाऊण ते एक ग्रॅम मीठ लागतं. गरम असताना चाखाल तर थोडं जास्त वाटेल, ते बरोबर आहे. गार भातात मीठ कमी जाणवतं.

डाव्या तळव्यावर भात, मध्ये अंगठ्याने खळगा, त्यात सारण १० ते १५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा. मोदकाएवढं सारण भरायचा मोह टाळा, ओनिगिरी शिवणीतून उकलते. कडेचा भात वर ओढून खळगा बंद करा.

(अगदी जवळून.)

हा खालचा हात सपाट, तो जाडी ठरवतो. वरचा हात बोटांच्या मुळाशी वाकवलेला, घराच्या छपरासारखा, तो टोक काढतो. दाबा. फिरवा. दाबा. फिरवा. तीन बाजू, प्रत्येक बाजूला दोनदा, बस्स. चिमणीचं पिल्लू हातात धरताना जेवढी पकड असते, तेवढीच. आपल्याला वरची एक-दोन शितांची साल घट्ट करायची आहे, आतला भात सैलच राहू द्यायचा आहे. वाटीने भाताची मूद पाडतो तेव्हा हेच होतं: आकार बाहेरून, आत मोकळीक. त्रिकोण जमत नसेल तर चपटा गोल करा. लहान मुलांच्या डब्यासाठी जपानमध्ये लांबट, पोत्याच्या आकाराची 'तावारा' ओनिगिरीही करतात.

हाताला जखम असेल तर उघड्या हाताने वळू नका. जखमेवरचे स्टॅफिलोकोकस जंतू भातात वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्यानेही जात नाही. डब्यात न्यायची असेल तर जखम असो-नसो, क्लिंग फिल्म, म्हणजे अन्न गुंडाळायचा पातळ पारदर्शक प्लास्टिकचा कागद, वापरा. फिल्मवर भात ठेवून तिच्यातूनच आकार द्यायचा. तेव्हा मीठ हाताला लावता येत नाही, म्हणून सगळ्या भातात आधीच सपाट एक छोटा चमचा मीठ मिसळा.

(छोट्या वाट्यांत सारणं.)

सारणाचा नियम एकच, ते कोरडं हवं. तेल किंवा पाणी सुटलं की भात आतून फुटतो.

उमेबोशी म्हणजे खारवून वाळवलेली जपानी आंबट 'उमे' फळं. बी काढा, गर पिळा, १० ग्रॅम पुरे. ती खूप खारट असते, त्यामुळे हातावरचं मीठ निम्मं करा. उमेबोशी घातली की ओनिगिरी खराब होत नाही, असं समजू नका. तिच्या मिठाचा आणि आंबटपणाचा परिणाम तिला चिकटलेल्या भातापुरताच.

सामन: १०० ग्रॅम तुकड्याला ३ ग्रॅम मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सुटलेलं पाणी टिपा, पूर्ण भाजा, कातडी आणि काटे काढून कुस्करा. बाजारात रावसाला इंडियन सामन म्हणतात. तो वेगळा मासा आहे, पण खारवून भाजला तर इथे चांगला लागतो.

ट्यूना-मेयो हा सेव्हन-इलेव्हन या दुकानांच्या साखळीने जपानमध्ये १९८३ साली विकायला आणलेला प्रकार, आणि तो आता तिथल्या घराघरांत आहे. डब्यातला ७० ग्रॅम ट्यूना मुठीत घट्ट पिळून घ्या, आपण काकडी पिळतो तसा. मग दीड मोठा चमचा मेयोनीज, अर्धा छोटा चमचा सोया सॉस. न पिळता मिसळलंत तर अर्ध्या तासात तळ ओला होतो.

ओकाका: कात्सुओबुशीच्या, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाच्या ५ ग्रॅम पापुद्र्यांवर एक छोटा चमचा सोया सॉस आणि चिमूटभर साखर. दिसतो लाकडाच्या भुशासारखा, पण आहे मासाच. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा, आणि विकतच्या उमेबोशीच्या पाकिटावरही बोनिटो लिहिलंय का ते बघा.

शाकाहारींसाठी सर्वात चवदार म्हणजे कोंबू. सूप काढून उरलेलं ५० ग्रॅम भिजकं कोंबू शेवाळ बारीक पट्ट्यांत कापा. दीड मोठा चमचा सोया सॉस, एक मोठा चमचा साखर, एक छोटा चमचा व्हिनेगर आणि बुडेल एवढं पाणी घालून मंद आचेवर पूर्ण आटवा. व्हिनेगरने कोंबू मऊ होतं. शेवटी भाजलेले तीळ. आपलं लोणचं घालून बघायचं असेल तर फोड तेलातून काढून टिपून घ्या.

(नोरीचा कागद गॅसवरून फिरवताना.)

नोरीचा पूर्ण कागद २१ बाय १९ सेंटिमीटरचा असतो. त्याच्या तीन पट्ट्या करा. मंद आचेच्या बऱ्याच वरून झटकन फिरवा, काळा रंग हिरवट झाला की थांबा. खरखरीत बाजू भाताकडे, चकचकीत बाहेर. कुरकुरीत आवडत असेल तर खाताना गुंडाळा, डब्यात नोरी वेगळी न्या. भाताची वाफ तिला पाच मिनिटांत मऊ करते. दुकानातल्या ओनिगिरीत भात आणि नोरीच्या मध्ये फिल्मचा पदर असतो तो याचसाठी, सेव्हन-इलेव्हनने तो १९७८ साली आणला.

डब्यासाठी ओनिगिरी आधी गार करा, मग गुंडाळा. गरम गुंडाळली तर आत घाम सुटतो आणि तिथेच जंतू वाढतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बर्फाच्या पिशवीशिवाय नेऊ नका. ट्यूना-मेयो तर अजिबातच नाही.

उरलेली ओनिगिरी फ्रिजमध्ये ठेवाल तर कडक होईल, कारण भातातला स्टार्च गोठणबिंदूच्या जरा वरच्या तापमानाला सर्वात लवकर आवळतो. त्यापेक्षा नोरी न लावता, कोमट असतानाच फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका. खाताना न वितळवता थेट मायक्रोवेव्हमध्ये, दीड-दोन मिनिटं. ट्यूना-मेयोची मात्र गोठवू नका, मेयोनीज फुटतं.

(तव्यावर ओनिगिरी.)

फ्रिजमध्ये ठेवून कडक झालीच, तर याकी-ओनिगिरी करा. तव्यावर तेलाचा हात फिरवा. मध्यम आच, सॉस न लावता प्रत्येक बाजू तीन-चार मिनिटं. पापुद्रा धरेपर्यंत उलथू नका. सॉस आधी लावला तर शितं सुटून तव्याला चिकटतात आणि सॉस जळतो. पापुद्रा कोरडा, खरपूस झाला की ब्रशने सोया सॉस, उलटा, दुसऱ्या बाजूला सॉस, अर्धं मिनिट. चर्रर्र आवाज थांबायच्या आत ताटात काढा.