हाई पडीत नई शे

मंडळी, मला इथे जंगलावर बोलायला बोलवलंय आणि मी बोलणारे बरंचसं गवतावर, तर आधीच सांगून टाकतो म्हणजे कोणाची निराशा नको. आमचं गाव साक्री तालुक्यातलं. गावामागे एक टेकडी आहे, लहानपणी दिवाळीनंतर तिच्यावर गवत कापायला अख्खं गाव जायचं, पेंढ्या बांधून बैलगाड्या उतरायच्या, धाब्याच्या घरापुढच्या पडवीला तेच गवत आणि बैलांनाही तेच. तलाठ्याच्या कागदावर ती जमीन पडीत. माझी आजी चिडायची, अहिराणीत म्हणायची, "हाई पडीत नई शे भाऊ, हाई आपली चराई शे." म्हणजे ही पडीत नाही, आपलं कुरण आहे. तेव्हा ते म्हातारीचं बोलणं वाटायचं. मी पुढे वनस्पतीशास्त्र शिकलो, तीस वर्षं शिकवलं, आणि आता वाटतं आजीला जे ठाऊक होतं तिथपर्यंत यायला मला फार वेळ लागला.

त्या टेकडीवर काही वर्षांपूर्वी चर खोदले आणि गिरीपुष्प लावलं. हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगतो. झाडं जगली, टेकडी लांबून हिरवी दिसायला लागली, फोटो निघाले. पण सावली धरली तसं खालचं गवत विरळ होत होत गेलं, पवन्या गेला, शेडा गेला, आणि आमच्याकडे दरवर्षी उतरणारा ठेलाऱ्यांचा, म्हणजे फिरत्या मेंढपाळांचा, वाडा आता तिकडे फिरकत नाही कारण मेंढरांनी खायचं काय.

आपल्या डोक्यात एक गणित पक्कं बसलंय की झाड म्हणजे निसर्ग आणि झाड नाही म्हणजे उजाड. सरकारी मोजणीतही तेच आहे, एक हेक्टरच्या वर जागा आणि दहा टक्क्यांहून जास्त झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन, मग ती आंब्याची बाग का असेना. आणि उघडं माळरान? ते कित्येकदा पडीक जमिनींच्या नकाशात जाऊन बसतं. म्हणजे बाग जंगलात मोजली जाते आणि लाखो वर्षांचं कुरण वाया गेलेली जमीन ठरतं.

लाखो वर्षं हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. हिमालयाच्या पायथ्याला शिवालिकच्या थरांमध्ये जुनी माती दबलेली आहे, तिच्यातल्या कार्बनवरून कळतं की साधारण ८० ते ७० लाख वर्षांपूर्वी या उपखंडात उष्ण हवेत वाढणारी गवतं, ज्यांना आम्ही सी-फोर म्हणतो ती, जोरात पसरली. तेव्हा माणूस नावाचा प्राणीच नव्हता, कुऱ्हाड तर सोडाच. म्हणजे "इथे आधी घनदाट जंगल होतं, माणसाने तोडलं म्हणून गवत उरलं" ही गोष्ट काही ठिकाणी खरी असेल पण सरसकट सगळीकडे लावली तर चूक. गवत आणि मधून मधून झाडं अशा जागेला सवाना म्हणतात, आपण शाळेत हा शब्द फक्त आफ्रिकेसोबत शिकलो. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतले महेश शंकरन आणि जयश्री रत्नम वगैरे मंडळी कितीतरी वर्षं सांगतायत की आपली बरीच शुष्क पानगळीची जंगलं खरं तर सवानाच आहेत. शंकरन यांचा २००५ चा अभ्यास आफ्रिकेतल्या ८५४ जागांचा आहे, त्यात असं दिसलं की वर्षाला साधारण ६५० मिलिमीटरच्या खाली पाऊस असला तर पाणीच झाडांना दाट होऊ देत नाही, त्याच्या वर पाऊस गेला की आग आणि चरणारी जनावरं जागा मोकळी ठेवतात. आफ्रिकेचा आकडा तसाच उचलून इथे चिकटवायचा नाही, पण धुळ्याच्या सपाटीवरचा पाऊस याच आसपासचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता या जागेतली झाडं बघा, ती सुद्धा गवताच्या संगतीत वाढलेली आहेत. सागाचं रोपटं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात वरून वाळतं, जळतं, आणि खाली मूळ मात्र जाड होत जातं, मग एखाद्या वर्षी तेच मूळ असा धुमारा फेकतं की तो गवताच्या डोक्यावर निघून जातो. पळसाचंही तसंच, वरून मेलेला दिसतो, खाली जिवंत असतो. आणि कुसळी, जिच्यावर आपण सगळे वैतागतो, पायजम्यात घुसते म्हणून, तिचं कुसळ नीट बघा कधी. ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पीळ बसतो, असं फिरत फिरत ते बी स्वतःला मातीत गाडून घेतं, म्हणजे वरून वणवा गेला तरी बी खाली सुखरूप. मी वर्गात पाण्याचा एक थेंब टाकून हे दाखवायचो, पोरं बाकावरून उठून यायची. इतकी तयारी दोन-चारशे वर्षांत होत नाही हो.

आणि रानपिंगळा! या छोट्या घुबडाबद्दल तर खान्देशात प्रत्येक घरात माहिती पाहिजे. १८७३ मध्ये ह्यूम या पक्षी अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं, नमुना, म्हणजे मारून जपून ठेवलेला पक्षी, आताच्या छत्तीसगडकडचा. मग आपल्या शहादा-तळोद्याच्या रानात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले, आणि १८८४ नंतर पक्षी गायबच. मध्ये माइनर्टझहागन नावाच्या ब्रिटिश पक्षीसंग्राहकाचा १९१४ चा गुजरातेतल्या मांडवीचा एक नमुना होता, त्याने सगळ्यांची दिशाभूल केली. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो बारकाईने तपासला तर तो डेव्हिडसनचाच जुना नमुना निघाला, चोरलेला, पुन्हा शिवून नवी चिठ्ठी लावलेला. मग खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत शोधायला आल्या आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सकाळच्या उन्हात तो बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! नंतर तोरणमाळ, यावल, मेळघाट असा दिसत गेला. हा पिंगळा दिवसा शिकार करतो, फांदीवर बसून शेपटी इकडून तिकडे हलवत खाली बघत राहतो, सरडा दिसला, उंदीर दिसला की झेप. त्याला खाली बघायला मोकळी जागा लागते आणि ढोलीसाठी जुनं मोठं झाड लागतं. विरळ जंगल म्हणून आपण ज्याला नाक मुरडतो, तेच त्याचं घर.

पोटापाण्याचंही सांगतो. पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा या भागात रोशा या वासाच्या गवताचं तेल काढायच्या भट्ट्या लागायच्या, तेल मुंबईला जायचं, तिथून तांबड्या समुद्रावरून थेट तुर्कस्तानात, आणि तिथे ते गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जायचं. ज्या डोंगराला कागदावर पडीत लिहिलं त्याचा वास एकेकाळी इस्तंबूलपर्यंत गेलेला आहे.

मग झाडं लावायचीच नाहीत का, असं मघाशी एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय. लावा ना, गावात लावा, बांधावर, नाल्याकाठी, रस्त्याला. आणि जिथे जंगल तुटलंय तिथे आधी राखून बघा. आपल्या तालुक्यातलं बारीपाडा गाव आहेच, तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, तिथे लोकांनी स्वतः नियम केले, कुऱ्हाड थांबवली, चराई थांबवली, तर जमिनीत जी मुळं जिवंत होती तीच वर आली. पण तो पावसाचा, डोंगराचा पट्टा आहे, तिथला उपाय उचलून माळावर नेऊ नका. वणव्याचंही तसंच, गवताला आग सोसते म्हणून दरवर्षी मोह वेचायला काडी लावणं मला मान्य नाही, त्यात पिंगळ्याच्या ढोलीची जुनी झाडं बुंध्यातून पोखरली जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की ग्रामसभेत वृक्षलागवडीचा ठराव आला की हात वर करण्याआधी त्या जागेवर आता काय उगवतंय ते एकदा जाऊन बघा, आणि आश्विन-कार्तिकात बघा, जूनमध्ये नको, तेव्हा सगळंच वाळकं दिसतं.

येत्या रविवारी आम्ही दहा-बारा जण आमच्या टेकडीच्या पलीकडच्या उतारावर जातोय, तिकडे अजून चर पडलेले नाहीत. रोशा फुलावर आहे, पान चुरगाळून हाताला लावून बघता येईल. सकाळी सहाला मारुतीच्या पारावर या, बूट घालून या, आणि घरात कोणी म्हातारं माणूस गवत कापायला गेलेलं असेल तर त्यांना गाडीवर बसवून आणा, मला अजून चार गवतांची अहिराणी नावं सापडलेली नाहीत.