नकाशावरची दोन बोटं

(माटुंगा, पूर्व. रविवार सकाळ.)

स्टेशनाबाहेर गजऱ्यांची मापं चाललीयत, केळीची पानं गठ्ठ्यानं विकली जातायत. कोपऱ्यावरच्या हॉटेलात फिल्टर कॉफीच्या पाच डवऱ्यांच्या मधोमध एक नकाशा कसाबसा उघडलाय. नकाशावर दोन बोटं आहेत. एक केरळातल्या मुन्नारवर, दुसरं तेक्कडीवर.

"एवढंच तर अंतर," बोटांचा मालक म्हणतो. "चार-पाच दिवसांत चालत जाऊ."

हे आम्ही. दोघं डोंबिवलीचे, एक मुलुंडचा, नवरा-बायको गिरगावातले. रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगड, ही वाट आम्ही इतक्यांदा केलीय की आता पायांनाच पाठ आहे. शुक्रवारी रात्री उशिराची कसारा लोकल, पहाटे जीप, पायथ्याच्या गावात पोहे, वर टाक्याचं पाणी, गुहेत नाहीतर देवळात पथारी. परवानगी वगैरे काही नाही. वाट चुकली तर गुराख्याला विचारायचं.

तीच सवय घेऊन आम्ही दक्षिणेचा नकाशा उघडला होता. पर्वत तर तोच आहे ना? तापीच्या खालून निघालेली रांग सुमारे १६०० किलोमीटर कन्याकुमारीच्या बाजूला उतरत जाते. केरळातही तिला सह्यपर्वतच म्हणतात. मधे पालक्काडला तीसेक किलोमीटर रुंदीची खिंड आहे, तेवढाच काय तो खंड.

पण त्याच्या कितीतरी आधी, गोवा मागे पडला की डोंगराचा स्वभाव बदलतो. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा. म्हणून कडे, म्हणून कातळात खोदलेली टाकी, म्हणून गुहा आणि गड. तिकडचा खडक याहून कितीतरी जुना. त्यावर मैलोन्‌मैल गवताळ माथे, आणि माथ्यांच्या घड्यांमध्ये ठेंगण्या, शेवाळलेल्या झाडांची दाट राई. तिला तिकडे शोला म्हणतात. वरचं पाणी हीच राई धरून ठेवते आणि वर्षभर खाली सोडते. गड नाही, टाकं नाही, अंग टाकायला देऊळ नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. तिकडची आनमुडी २६९५ मीटर, दक्षिण भारतातलं सगळ्यात उंच शिखर. 'आना' म्हणजे हत्ती. हत्तीच्या मस्तकासारखं दिसतं म्हणून आनमुडी. इशारा नावातच होता, आम्ही वाचला नाही.

(मुलुंड. चाळीस वर्षांपूर्वीची सोसायटी, तिसरा मजला.)

पहिला धक्का मात्र हत्तीनं नाही, कालनिर्णयनं दिला.

आम्ही दिवाळीची सुट्टी धरली होती. पाऊस दसऱ्याला संपतो, डोंगर हिरवा असतो, आकाश स्वच्छ असतं. मुंबईकराला हे कुणी शिकवावं लागत नाही. मुलुंडकराच्या शेजारी पालक्काडचे मामा राहतात. त्यांना तारीख सांगितली. मामांनी चष्मा काढला.

"दिवाळीत? छत्री न्या."

तिकडे पावसाळे दोन. जूनमधे आपल्यासारखाच अरबी समुद्रावरून येणारा, त्याला मल्याळममधे इडवप्पाती म्हणतात. तो ओसरला की वारा फिरतो, आणि ऑक्टोबरपासून दुसरा सुरू होतो, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागराचं पाणी घेऊन. तो तुलावर्षम. तमिळनाडूचा तर हाच मुख्य पाऊस, डिसेंबरपर्यंत चालणारा. दुपारपर्यंत लख्ख ऊन, मग ढग, मग गडगडाट. आणि ओल्या रानात जळवा. त्या आंबोलीतही आहेत, पण मामा बोट आडवं धरून जी लांबी दाखवत होते, त्यातली निम्मी आपण सोडून देऊ.

बरं, मग मार्च? उन्हाळ्याच्या आधी?

इथे मामा गप्प झाले. ११ मार्च २०१८. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात वाळल्या गवताला वणवा लागला आणि ट्रेकला आलेले गट त्यात सापडले. २३ माणसं गेली. उतारावरचं गवत कमरेएवढं, वारा वर चढणारा. आग माणसापेक्षा वेगानं चढते. आपल्याकडे उन्हाळ्यात डोंगर जळताना लोकलच्या खिडकीतून दिसतात आणि आपण मान वळवतो. तिकडे त्या दिवसानं नियमच बदलले. तमिळनाडूनं ट्रेकिंगसाठी वेगळी नियमावली केली. पुढे २०२४ मधे ठरावीक चाळीस वाटा वाटाड्यासह, ऑनलाइन नोंदणीनं खुल्या केल्या. वणव्याच्या दिवसांत त्या बंद ठेवतात.

म्हणजे फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल गेला. मुन्नारजवळचं एरविकुलम राष्ट्रीय उद्यानही साधारण त्याच सुमारास बंद असतं, कारण निलगिरी ताहर या रानबकऱ्यांचा तो विण्याचा काळ. उरला डिसेंबर-जानेवारी. त्यात नाताळ आणि नववर्षाला मुन्नारच्या रस्त्यावर गाड्यांची रांग. शिवाय शबरीमला! ते देऊळ पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतच आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरविळक्कूपर्यंत तेक्कडीच्या वेशीवरचं कुमिळी गाव काळ्या कपड्यांतल्या भाविकांनी भरून वाहतं. मकरविळक्कू म्हणजे आपली संक्रांत.

झालं. तिळगूळ वाटायचा आणि निघायचं. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला परत. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतून आमच्या हाती दीड आठवडा लागला.

(गिरगाव. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी वाटाणे सोलणं चालू.)

आता वाट. आणि इथे ती दोन बोटं हरली.

मुन्नार ते तेक्कडी रस्त्यानं नव्वदेक किलोमीटर. मधला सगळा मुलूख वेलदोड्याच्या आणि चहाच्या मळ्यांचा. जिथे मळा नाही तिथे राखीव जंगल, आणि राखीव जंगलात आपल्या मनानं पाऊल टाकणं हा गुन्हा. आम्ही आठवडाभर पर्याय शोधले. जुन्या बैलगाडीच्या वाटा, मळ्यातले कच्चे रस्ते, सॅटेलाइट नकाशावरच्या पुसट रेषा. एका रात्री डोंबिवलीकरानं अडीच वाजता ग्रुपवर एक रेषा पाठवली, "ही बघा, जाते!" सकाळी पाहिलं तर ती विजेच्या तारांची होती.

शेवटी मान्य केलं: चालायचं ते तुकड्यातुकड्यानं. मधे बस.

पहिला तुकडा मीशपुलीमला, २६४० मीटर. केरळ वन विकास महामंडळामार्फत जायचं, त्यांच्या तळावर रात्र काढायची, सकाळी त्यांच्या वाटाड्याबरोबर गवताळ माथे चढायचे. आनमुडीवर सर्वसामान्यांना सोडत नाहीत. एरविकुलममधे राजमलाईपर्यंत वनखात्याच्या बसनं, पुढे थोडं पायी, तेवढ्यात ताहर जवळून दिसतात. नीलकुरिंजी मात्र दिसणार नाही. ती बारा वर्षांनी फुलते. २०१८ मधे फुलली, आता २०३०. ती आपल्या कारवीच्या कुळातली. बोरिवलीच्या जंगलातली कारवी आठेक वर्षांनी फुलते, ही आणखी चार वर्षं थांबते. थोरली बहीण म्हणायची.

दुसरा तुकडा पेरियार, आणि खरं सांगायचं तर सगळी यात्रा त्याच्यासाठी. भारतातल्या बहुतेक व्याघ्र प्रकल्पांत तुम्ही जीपमधून उतरू शकत नाही. बंदिपूरला रस्त्यावर गाडी थांबवली तरी वनरक्षक हटकतात. पेरियारला चालत नेतात, एक-दोन रात्री तंबूत ठेवतात. मोजकेच पाहुणे, सोबत वाटाडे आणि एक बंदूकधारी वनरक्षक. यातल्या जुन्या वाटाड्यांची गोष्ट नकाशावर कुठेच नाही. हे लोक पूर्वी याच जंगलात चोरून शिरायचे, रानदालचिनीची साल काढायला, शिकारीला. नव्वदच्या दशकात वनखात्यानं त्यांच्याशी समझोता केला: खटले मागे, बदल्यात रान राखायचं आणि पाहुण्यांना फिरवायचं. ज्या चोरवाटा गार्डला चुकवायला पाडल्या होत्या, त्यांवरूनच आता गस्त चालते. कुठल्या पाणवठ्यावर कोण कधी येतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

पालक्काडकडचं सायलेंट व्हॅलीचं जंगल वगळावं लागलं. तिथे जीप ज्या ठिकाणी नेऊन सोडते त्याचं नाव सैरंध्री, आणि खालून वाहते ती कुंतीपुळा, म्हणजे कुंती नदी. गिरगावकरीण अजून हळहळतेय.

तट्टेकाड मात्र मी हट्टानं घातलं. कोचीजवळच्या आलुव्याहून मुन्नारला जाताना थोडी वाकडी वाट. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला एक माणूस १९३३ मधे त्रावणकोर-कोचीनच्या जंगलात पक्षी मोजत हिंडला आणि तट्टेकाडला थबकला. सालिम अली. १९८३ मधे तिथे अभयारण्य झालं, आज ते त्यांच्याच नावानं ओळखतात. फोर्टातल्या हॉर्नबिल हाउसमधल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावरचा महाधनेश तिकडच्या रानात डोक्यावरून जातो, आणि त्याच्या पंखांचा आवाज पक्ष्याच्या आधी ऐकू येतो.

(कुर्ला. पाठपिशव्या जमिनीवर ओतलेल्या.)

सामानाबद्दल थोडक्यात. स्वेटर माळ्यावरून काढले. जानेवारीत मुन्नारला पहाटे दहिवर गोठतं. लाल, पिवळे टीशर्ट बाद, खाकी आणि मातकट आत. अत्तर, सुगंधी साबण बाद. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे जाड सुती मोजे आणि तपकिरीची डबी. जळू तोंडातून रक्त गोठू न देणारं द्रव्य सोडते, म्हणून ती पडल्यावरही जखम वाहत राहते. घाबरण्यासारखं काही नसतं, मोजे मात्र वाया जातात.

सगळ्यात अवघड सामान पिशवीत मावणारं नाही. आम्हाला गप्प बसता येत नाही. माथ्यावर पोचलो की गारद घालायची, उतरताना गाण्यांच्या भेंड्या. तिकडे दिवसभर कुजबूजही जपून. हत्ती एवढा मोठा, पण पाऊल गादीसारखं. बांबूच्या बेटात वीस फुटांवर उभा असला तरी आवाज करत नाही. आवाज करणारे आपणच. आपल्याकडे दोडामार्गच्या लोकांना हे २००२ पासून कळलंय, कर्नाटकातून हत्ती उतरले तेव्हापासून. आम्हा मुंबईकरांची मजल बिबट्यापर्यंत. म्हणून गेले तीन रविवार बोरिवलीला शिलोंड्याच्या वाटेवर न बोलता चालण्याचा सराव चालू आहे. आजवरचा उच्चांक अकरा मिनिटं.

(१८ नोव्हेंबर, सकाळ.)

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. १७ जानेवारीची गाडी, म्हणून आज. आठला पाच मिनिटं कमी. पाच जण, पाच फोन. लोकमान्य टिळक टर्मिनस ते आलुवा, कोकण रेल्वेनं.

आठ वाजून चार मिनिटं. चार कन्फर्म, एक आरएसी. आरएसी दोन बोटांच्या मालकाला मिळाली. मतदान झालं नाही.

संध्याकाळी मामांना सांगायला गेलो. तिकडून काय आणू, विचारलं. मामा हसले.

"काही नको. माटुंग्यात सगळं मिळतं. फक्त जळू तेवढी तिकडेच सोडून या."