गच्चीवरचा मोगरा

(दृश्य: वसई. इमारतीची गच्ची, कुंड्यांची रांग. सकाळ.)

डिसेंबरात काकूंनी मोगऱ्याचं पाणी कमी केलं आणि झाड ताणावर सोडलं. आता जानेवारी सरत आलाय. पानं पिवळी पडून गळतायत. पाहणाऱ्याला वाटेल, झाड गेलं. झाड ठणठणीत आहे.

(दृश्य: कात्री, जवळून.)

मोगऱ्याची पानं समोरासमोर, जोडीनं येतात. प्रत्येक जोडीच्या बेचक्यात नव्या फुटीचे दोन डोळे. पानांची जोडी जिथे येते त्या पेऱ्याच्या बोटभर वर कात्री लागते. वाळकी, बारीक, आत वळलेली काडी बुडापासून निघते. बघा, झाड निम्मं झालं. इथेच बहुतेकांचा हात कचरतो. पण मोगऱ्याचं फूल येतं ते नव्या फुटीच्या टोकाला. छाटलेल्या काडीला दोन फुटवे येतात, आणि फुटव्याच्या टोकाला बहुधा तीन कळ्या. मधली आधी उमलते.

(दृश्य: कुंडी आडवी करून झाड बाहेर काढतात.)

मुळांनी कुंडीचाच आकार घेतलाय. काकू बाहेरची गुंडाळी बोटांनी मोकळी करतात, कुजकी मुळं कापतात. तळाच्या भोकावर खापरी, वर लाल माती, जुनं शेणखत, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. मग पहिलं भरपूर पाणी, खालून निथळेपर्यंत.

जागा मात्र उन्हाचीच हवी, पाच-सहा तास थेट ऊन पडेल अशी. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला मोगरा नुसता पाला वाढवतो. नत्राचं खत जास्त झालं तरी तेच.

(दृश्य: सोसायटीच्या फाटकाशी टाकलेल्या कुंड्या.)

ही रोपं नर्सरीतून आली तेव्हा कळ्यांनी लगडलेली होती. पहिला बहर ओसरला, पुन्हा कळी धरली नाही, म्हणून बाहेर काढली. खोड नखानं खरवडून पाहा: आत हिरवं आहे. याला फक्त कात्री आणि ऊन हवं होतं.

वसईच्या वाड्यांतला मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. त्यातल्या कितीतरी वाड्यांवर आज इमारती आहेत.

(दृश्य: एप्रिल. पहाट. कळ्या खुडणारे हात.)

हिरवट कळी ठेवायची, टपोरी पांढरी झालेली खुडायची. संध्याकाळी ती घरात उमलते.

(नैसर्गिक आवाज. निवेदन नाही.)

(दृश्य: पावसाळा. दोन कुंड्यांमध्ये वाकवलेली फांदी.)

आपल्याकडच्या भरगच्च मोगऱ्याला बी जवळपास धरतच नाही. म्हणून हे दाबकलम. खालची लवचीक फांदी वाकवायची, पेऱ्याजवळ सालीला हलकी चीर द्यायची, शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. टोक बाहेर राहू द्यायचं. पावसाच्या ओलीत मुळं फुटतात. ती नीट धरली की मगच मूळ झाडापासून फांदी तोडायची. काकूंनी यंदाची कलमं तिसऱ्या मजल्यावर दिली आहेत. तिथल्या खिडकीत दुपारपर्यंत ऊन असतं.