उताराचे पाणी

कोकणातल्या कित्येक गावांचे मुंबईत स्वतःचे मंडळ असते. गिरण्यांच्या काळात लालबाग-परळच्या एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या चाकरमान्यांनी पगारातून वर्गणी काढून गावच्या शाळेला कौले घातली, देवळाचा जीर्णोद्धार केला, विहिरी बांधल्या, आणि १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले तरी ही रीत विस्कटली नाही. शहराने गावाला हात देण्याचे याहून सकस उदाहरण मला ठाऊक नाही.

मात्र या नात्याच्या मुळाशी भावकी आहे. ज्यांच्याशी मुंबईची भावकी नाही, पण ज्यांच्यावाचून तिचा एक दिवसही निभत नाही, अशी गावे ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहेत.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांचा एकूण साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसा धरणात असतो. १८९२ साली बांधून झालेला तानसा तलावही याच तालुक्यातला. तानसाचे पाणी उताराने मुंबईकडे वाहते. भातसाचे पाणी नदीपात्रातून पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून उपसले जाते. उतार असा शहराच्या बाजूचा आहे. कसाऱ्याकडचे अनेक पाडे जलाशयांहून उंचावर वसलेले असल्याने तेच पाणी त्यांच्यापर्यंत चढवावे लागते, आणि चढवण्याचा खर्च पाड्याला पेलत नाही. पावसाळ्यात येथे पाऊस कोसळतो, पण कातळात फारसा मुरत नाही. उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. मग टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि ते गढूळ पाणी हंड्यांत भरून बाया चढण चढतात. ज्या तालुक्याच्या पाण्यावर महानगर जगते, तेथे हे चित्र दरवर्षी दिसावे, हे मला सहन होत नाही.

घाटावर इगतपुरीजवळ भावली धरण आहे. ते उंचावर असल्याने त्याचे पाणी शहापूरच्या पाड्यांना उतारानेच देता येते, आणि तशी योजना शासनाने हाती घेतली आहे. ती वेगाने पुरी व्हावी, असा आग्रह पाड्यांइतकाच मुंबईकरांनीही धरला पाहिजे. दरम्यान कोकणच्या मंडळांनी घालून दिलेली वाट मोकळी आहे: मुंबईतल्या एका गृहनिर्माण सोसायटीने एका पाड्याशी वर्गणीचे नाते जोडावे, काम कोणते करायचे ते पाड्याच्या बैठकीत ठरावे आणि हिशेब दोन्हीकडे वाचला जावा. पहिले काम विहिरीतला गाळ काढण्याचे असू शकेल. ते मृगापूर्वी उरकावे लागते.