तीन 'यंग गन्स': रिपब्लिकन पक्ष आतून कसा बदलला

[दृश्य: व्हर्जिनिया राज्य, रिचमंडची उपनगरं. घरांपुढच्या हिरवळीवर रोवलेल्या प्रचाराच्या पाट्या.]

१० जून २०१४. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन पक्षाचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर त्या सकाळी वॉशिंग्टनमध्ये एका कॉफीच्या दुकानात देणगीदारांसोबत बसले होते. मतदान होतं त्यांच्याच मतदारसंघात, पण काळजी करण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्या माणसांनी केलेल्या पाहणीत ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. समोर कोण? डेव्ह ब्रॅट. एका छोट्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. कँटर यांच्या प्रचारखात्यातून नुसत्या स्टेकहाउसांची जेवढी बिलं भरली गेली, जवळपास तेवढ्यातच ब्रॅट यांचा अख्खा प्रचार झाला.

रात्री निकाल आला. ब्रॅट साडेपंचावन्न टक्के, कँटर साडेचव्वेचाळीस.

बहुमतातल्या पक्षाचा सभागृह नेता पक्षांतर्गत निवडणुकीत हरला, असं ते पद १८९९ मध्ये निर्माण झाल्यापासून कधीच घडलं नव्हतं. आरोप काय होता? स्थलांतरितांबद्दल कँटर मवाळ आहेत, बेकायदा आलेल्यांना माफी द्यायला निघालेत.

गंमत पुढे आहे. त्याच्या पाचेक वर्षं आधी पक्षाचे तीन तरुण नेते स्वतःला 'यंग गन्स' म्हणवत देशभर फिरत होते. एरिक कँटर, पॉल रायन आणि केविन मॅकार्थी. नवे, तिखट, तडजोड न करणारे उमेदवार शोधायचे, ओबामांविरुद्धचा राग मतपेटीपर्यंत न्यायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी चोख केलं. आणि मग एकेक करून तिघंही त्याच रागाखाली आले.

[दृश्य: मतदान केंद्राबाहेरची तुरळक रांग.]

हे कसं होतं, ते समजायला आधी 'प्रायमरी' समजून घ्यावी लागते. आपल्याकडे उमेदवारी म्हणजे एबी फॉर्म. तो पक्षश्रेष्ठींच्या हातात. ज्याला द्यायचा त्याला देतात, शेवटच्या तासाला कापतातही. अमेरिकेत पक्षाध्यक्षाला हा अधिकारच नाही. उमेदवार ठरवण्यासाठी वेगळी निवडणूक होते, तीच प्रायमरी. ऐकायला हे फार लोकशाहीवादी वाटतं, आणि तसं ते आहेही. अडचण अशी, की तिथे मतदानाला फार थोडे लोक जातात, आणि जे जातात ते सहसा सर्वात तापलेले असतात.

कँटर यांच्या मतदारसंघात २०१२ च्या मुख्य निवडणुकीत पावणेचार लाखांहून जास्त मतं पडली होती. २०१४ च्या प्रायमरीत पडली साधारण ६५ हजार. त्या ६५ हजारांनी देशाच्या राजकारणाची दिशा बदलली. बरं, बहुसंख्य मतदारसंघ आता एकाच पक्षाचे बालेकिल्ले झालेत. सीमारेषाही तशाच आखल्या जातात. त्यामुळे विरोधी पक्षाची भीती उरत नाही. भीती उरते ती एकच, आपल्याच उजव्या बाजूने कुणीतरी उभं राहील ही.

[दृश्य: सॅन फ्रान्सिस्को, १९६४. काऊ पॅलेस सभागृह.]

टोकाची भाषा या पक्षाला नवी नाही. १९६४ च्या अधिवेशनात पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांनी ठणकावून सांगितलं होतं, की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे. त्याच अधिवेशनात अतिरेकी गटांविरुद्ध बोलायला उभ्या राहिलेल्या मवाळ गटाच्या नेल्सन रॉकफेलर यांची हुर्यो उडवली गेली. पण नोव्हेंबरमध्ये गोल्डवॉटर यांना जेमतेम सहा राज्यं मिळाली. आणि त्याच वर्षी नागरी हक्क कायद्याच्या बाजूने सिनेटमधल्या ३३ रिपब्लिकनांपैकी २७ जणांनी मत दिलं होतं. पर्यावरण संरक्षण संस्था १९७० मध्ये निक्सन यांनी उभी केली. १९८६ मध्ये रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला. रेगन! ज्यांचं नाव घेतल्याशिवाय या पक्षात आजही भाषण सुरू होत नाही, त्यांनी.

पक्षाचा सूर बदलला तो न्यूट गिंग्रिच यांच्या काळात. जॉर्जियातून १९७८ मध्ये निवडून आलेला हा इतिहासाचा प्राध्यापक. १९७९ पासून सभागृहाचं कामकाज टीव्हीवर दिसू लागलं आणि गिंग्रिच यांनी हेरलं, की आता बोलायचं ते समोरच्या सदस्यांशी नाही, कॅमेऱ्याशी. कामकाज संपल्यावर रिकाम्या बाकांपुढे उभं राहून ते डेमोक्रॅटांना आव्हान द्यायचे, 'बोला, उत्तर द्या!' घरी बसलेल्याला वाटायचं, समोरचे निरुत्तर झालेत. शेवटी १९८४ मध्ये सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा फिरवायला लावला, तेव्हा लोकांना सभागृह ओस पडलेलं दिसलं. १९९० मध्ये गिंग्रिच यांच्या संघटनेने उमेदवारांना शब्दांची यादीच पुरवली. प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलताना काय म्हणायचं? रोगट, केविलवाणे, भ्रष्ट, गद्दार. चार वर्षांत पक्षाने ५४ जागा जास्त मिळवल्या आणि ४० वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं. असं यश मिळाल्यावर ती यादी कोण फेकून देणार?

[दृश्य: लेकव्हिल, मिनेसोटा. ऑक्टोबर २००८. प्रचारसभा.]

हे चित्रण बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. एक बाई माइकवर म्हणते, ओबामांवर माझा विश्वास नाही, ते अरब आहेत. ओबामांविरुद्ध अध्यक्षपदासाठी उभे असलेले जॉन मॅकेन तिच्या हातातून माइक घेतात. 'नाही ताई. ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत, या देशाचे नागरिक आहेत. माझे त्यांच्याशी काही मूलभूत मतभेद आहेत, इतकंच.' हा प्रसंग मॅकेन यांच्या मोठेपणाचा दाखला म्हणून दाखवला जातो, आणि ते योग्यच आहे. पण आवाज थोडा वाढवून ऐका. त्याच सभेत मॅकेन ओबामांची बाजू घेतात तेव्हा त्यांचेच समर्थक नापसंतीचा गलका करतात. उमेदवार आणि त्याच्या समोरची माणसं वेगळ्या वाटेला लागली होती.

त्या माणसांचा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. इराकमध्ये मुलं पाठवली होती. गावचे कारखाने बंद पडले होते. २००८ मध्ये बँका बुडाल्या तेव्हा सरकारने बँकांना सावरलं, कर्जात बुडालेल्या घरमालकाला मात्र फारसं कुणी विचारलं नाही. २००९ मध्ये सरकारी खर्चाविरुद्धचं 'टी पार्टी' आंदोलन उसळलं, त्यात हे सगळं होतं. पहिल्या कृष्णवर्णीय अध्यक्षाबद्दलचा विखारही होता. 'यंग गन्स'नी दोन्ही उचललं, निवड करत बसले नाहीत.

२०१० मध्ये पक्षाने प्रतिनिधिगृहातल्या ६३ जागा वाढवल्या. पण त्याच वर्षी युटाचे सिनेटर बॉब बेनेट यांना त्यांच्याच राज्याच्या पक्ष अधिवेशनात तिसऱ्या क्रमांकावर ढकलून घरी बसवलं गेलं. गुन्हा, बँका वाचवण्याच्या विधेयकाला मत. २०१२ मध्ये इंडियानात ३६ वर्षं सिनेटर असलेले रिचर्ड लुगर प्रायमरीत पडले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथली अण्वस्त्रं सुरक्षितपणे नष्ट करण्याचा कार्यक्रम एका डेमोक्रॅटाच्या साथीने उभा करणारा माणूस. त्यांना हरवणाऱ्याचं म्हणणं होतं, की दोन पक्षांचं सहकार्य म्हणजे डेमोक्रॅटांनी आमच्या बाजूला येणं. तो स्वतः नोव्हेंबरमध्ये हरला. धडा मात्र कुणी घेतला नाही.

किंबहुना घेतला, आणि मग बाजूला ठेवला. २०१२ च्या अध्यक्षीय निवडणुकीतल्या पराभवानंतर पक्षाने स्वतःचीच चिकित्सा करून अहवाल काढला. स्थलांतर कायद्यात सुधारणा करा, नाहीतर आपला पाया आकसत जाईल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. २०१३ मध्ये सिनेटने तसं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूरही केलं. प्रतिनिधिगृहात ते मतदानाला आलंच नाही. मग कँटर पडले, आणि तो विषय मिटला.

[दृश्य: कॅपिटलचा घुमट, संध्याकाळ.]

तीन वर्षांनी एका मुलाखतीत कँटर मोकळेपणी बोलले. ओबामांची आरोग्य योजना रोखू असं लोकांना सांगत होतो, पण ओबामा पदावर असताना ते जमणार नाही हे ठाऊक होतं. मग सांगितलं का नाही? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा, की राग आपल्यासाठी राबत असेल तर माणूस तो राबू देतो.

या सगळ्या कहाणीत मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे उत्तर. पक्ष टोकाला गेला तो कुणी अचानक बाहेरून येऊन ओढला म्हणून नाही. आतल्या शहाण्या, हिशेबी माणसांनी पुरी न होणारी आश्वासनं दिली, आणि ती पुरी न झाल्याचा राग त्यांच्यावरच उलटला. ट्रम्प यांनी वाट तयार केली नाही, ते तयार वाटेवरून आले.

दुसरे 'यंग गन', पॉल रायन. २०१५ मध्ये जॉन बेनर यांना स्वतःच्याच पक्षातल्या कडव्या गटाने सभापतिपद सोडायला भाग पाडलं, आणि रायन त्या जागी आले. एका न्यायाधीशाच्या मेक्सिकन वंशावरून ट्रम्प यांनी केलेलं विधान वंशवादाची शब्दशः व्याख्या आहे, असं २०१६ मध्ये तेच म्हणाले. आणि तरी पाठिंबा दिला. करकपातीचं विधेयक पदरात पाडून घेतलं आणि २०१८ मध्ये जाहीर केलं की आता पुन्हा लढणार नाही. वय अवघं ४८.

राहिले मॅकार्थी.

[दृश्य: ६ जानेवारी २०२१. फुटलेल्या काचा, धूर, पायऱ्यांवरची गर्दी.]

कमी कर, कडक सीमा, गर्भपाताला विरोध, या भूमिका पटोत न पटोत, त्यांना अतिरेक म्हणणं मला चुकीचं वाटतं. त्या मांडायलाच तर राजकीय पक्ष असतात. अतिरेक सुरू होतो तो हरलेली निवडणूक मान्यच करायची नाही, इथे. त्या दिवशी ट्रम्प समर्थकांचा जमाव संसदेत घुसला. इमारत मोकळी झाल्यावर त्याच रात्री २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या निकालावर मतदान झालं, आणि १३९ रिपब्लिकन प्रतिनिधी व आठ सिनेटरांनी किमान एका राज्याच्या निकालावर आक्षेप घेतला. मॅकार्थी त्यांत होते. आठवड्याने तेच सभागृहात म्हणाले, की या हल्ल्याची जबाबदारी अध्यक्षांवर आहे. आणखी पंधरा दिवसांनी फ्लोरिडात ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढला.

ट्रम्प यांच्या महाभियोगाच्या बाजूने दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी मत दिलं. त्यांतले चार पुन्हा उभेच राहिले नाहीत. चार प्रायमरीत पडले. दोघं टिकले, कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन राज्यातले. तिथे सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच प्रायमरीत उतरतात आणि मतदारही सगळेच असतात. याच पद्धतीत वॉशिंग्टनमधली त्यांची एक सहकारी मात्र हरली, त्यामुळे पद्धत बदलली की सगळं सुटेल असं मी म्हणणार नाही. पडलेल्यांत लिझ चेनी होत्या. उपाध्यक्ष राहिलेल्या डिक चेनींची मुलगी, ट्रम्प यांच्या कारकिर्दीत बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने मत देणारी. २०२० च्या प्रायमरीत वायोमिंगने तिला ७३ टक्के मतं दिली. दोन वर्षांनी २९.

आणि पडलेल्यांतलेच पीटर मायर. मिशिगनमध्ये त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या कडव्या उमेदवाराची जाहिरात करायला पैसे कुणी घातले? डेमोक्रॅटिक पक्षाने. का, तर नोव्हेंबरमध्ये तो हरवायला सोपा. डाव साधलाही. लोकशाही वाचवण्याची भाषणंही तेव्हा जोरात चालू होती.

जानेवारी २०२३ मध्ये मॅकार्थी अखेर सभापती झाले, पंधरा फेऱ्यांनंतर. पहिल्या फेरीत सभापती निवडला गेला नाही, असं शंभर वर्षांत झालं नव्हतं. कडव्या गटाची मतं मिळवायला त्यांनी एक अट मान्य केली होती: एकट्या सदस्यालाही सभापतीला हटवण्याचा प्रस्ताव आणता येईल. सप्टेंबरअखेर सरकार बंद पडू नये म्हणून त्यांनी डेमोक्रॅटांच्या मतांनी तात्पुरता निधी मंजूर करून घेतला. ३ ऑक्टोबरला कडव्या गटातल्या मॅट गेट्झ यांच्या प्रस्तावावर मतदान झालं. २१६ विरुद्ध २१०. आठ रिपब्लिकन आणि हजर असलेले सगळे डेमोक्रॅट एका बाजूला. मतदानाने हटवला गेलेला सभापती, अमेरिकेच्या इतिहासातला पहिला.

समर्थकांना विचाराल तर हा अतिरेक नाहीच. वर्षानुवर्षं मतं घेऊन पाठ फिरवणाऱ्या पुढाऱ्यांना अखेर जाब विचारला गेला, असं ते सांगतील. कँटर यांची मुलाखत वाचल्यावर त्यांना पूर्ण खोटं पाडणं अवघड जातं.

[दृश्य: व्हाइट हाउस, २०२५. सह्यांचा कार्यक्रम.]

२० जानेवारी २०२५, ट्रम्प यांच्या दुसऱ्या कारकिर्दीचा पहिला दिवस. ६ जानेवारीच्या सुमारे दीड हजार आरोपींना माफी. जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे सिनेटर थॉम टिलिस यांनी ट्रम्प यांच्या मोठ्या खर्च विधेयकाला विरोध केला. प्रायमरीत तुमच्याविरुद्ध माणूस उभा करतो, अशी धमकी आली. दुसऱ्याच दिवशी टिलिस यांनी जाहीर केलं, आपण पुन्हा लढणार नाही.

नोव्हेंबरमध्ये पाळी आली मार्जरी टेलर ग्रीन यांची. जॉर्जियाच्या या बाईंना मवाळ म्हणायची हिंमत कुणी केली नसती. २०२० ची निवडणूक चोरली गेली असं त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या, जुन्या नेत्यांना गद्दार ठरवण्यात पुढे होत्या. लैंगिक शोषणाच्या एपस्टीन प्रकरणाची कागदपत्रं खुली करा, असा आग्रह त्यांनी धरला. ट्रम्प यांनी त्यांनाही गद्दार म्हटलं आणि पाठिंबा काढून घेतला. ज्यांच्यासाठी आपण सगळे लढलो, त्याच अध्यक्षांनी लादलेली द्वेषाने भरलेली प्रायमरी माझ्या मतदारसंघाने सोसावी असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं निवेदन काढून त्यांनी राजीनामा जाहीर केला. ५ जानेवारी २०२६ पासून त्यांची जागा रिकामी झाली.